आधी लिहून घे

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

काल आठवीच्या वर्गातील तुझ्या सराव पाठानंतर मी एकच वाक्य बोललो : “विचारलेल्या ९ प्रश्नांपैकी ७ प्रश्नांची उत्तरे तूच दिलीस.” त्यावर तू सांगितलेस की तास मधल्या सुट्टीनंतरचा होता, वर्ग अनोळखी होता आणि पाठ टाचण तर मीच तपासून दिले होते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रात्री तुझा निरोप आला की आपण शिक्षिका होण्यास लायक आहोत का, हेच कळेनासे झाले आहे. दुपारची कारणे आणि रात्रीची ही शंका मला एकाच जातीची वाटते, कारण दोन्हींत ते ७ प्रश्न बाजूलाच राहिले. आधी लिहून घे. उत्तर द्यायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी दे.

आव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनीसी यांनी १९९६ साली प्रत्याभरणावरील, म्हणजे कामाबद्दल दिलेल्या अभिप्रायावरील, जुनी संशोधने एकत्र तपासली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा प्रत्याभरणाने कामगिरी उलट खालावलेली आढळली. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की प्रत्याभरणाचा उपयोग घटतो, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठाच्या सरावात, ६ मिनिटांच्या प्रत्याभरणानंतर पाठाच्या पुनर्नियोजनाला १२ मिनिटे ठेवलेली असतात. ती बचावासाठी नव्हेत. लिहून घे.

मी लिहून घेतले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक ज्येष्ठ सहकारी माझ्या तासाला मागे बसले आणि नंतर म्हणाले, “तुम्ही पहिल्या दोन बाकांनाच शिकवता.” मी पटसंख्या सांगितली, रस्त्याचा आवाज सांगितला, निकालसुद्धा सांगितला. त्यांनी पेनाला टोपण लावले, वही मिटली आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या पाठाबद्दल “छान” याखेरीज एक अक्षर काढले नाही. त्या “छान”वर मी अकरा वर्षे खूश राहिलो. मागच्या बाकांवरची ती मुले आता कुठून परत आणू?

म्हणूनच माझे शेरे कडक असतात. जरा गोड शब्दांत सांगावे, असे सहकारी सुचवतात; पण मी माणसाला नव्हे, त्याच्या फलकलेखनाला आणि प्रश्नांना बोलतो, आणि यात माझे चुकते असे मला आजही वाटत नाही. पहिल्या पाच मिनिटांत तू मुलांना नावाने हाक मारू लागलीस, ते मला कधीच साधले नाही. अशा मुलीने कारणे सांगावीत, म्हणून काल माझा धीर सुटला.

सोमवारी निरीक्षण वहीत माझे ते वाक्य तुझ्या अक्षरात, पुढे “पण” न जोडता लिहून आण. खाली ते सातही प्रश्न आठवून लिही आणि प्रत्येक प्रश्नानंतर किती वेळ गप्प राहिलीस तेही लिही. तिसऱ्या प्रश्नाला खिडकीजवळच्या मुलीचा हात अर्धा वर आला होता. तो तुला दिसला होता का, हे मला तेव्हा सांग.