दमयंतीपासून सुरुवात करताय? मग आधी हे वाचा

राजा रवि वर्मांची 'हंस-दमयंती' (१८९९) पहिल्यांदाच कॅनव्हासवर घेताय, छान! त्यांचं 'जटायुवध' हे चित्र मात्र वर्षभर लांब ठेवा. पंखातच अडकाल.

नमुना नीट निवडा. जुन्या छापील तसबिरीवरून रंग उचलू नका. ती शिळाछापाची प्रत. मूळ तैलचित्राचे रंग तिच्यात तसेच उतरत नाहीत. मूळ चित्राचा स्वच्छ फोटो घ्या आणि त्यावर चौकटी आखा. कॅनव्हास १२ बाय १८ इंच पुरे.

सुरुवातीला सगळ्यांकडून होणाऱ्या चुका:

- डोळ्यांपासून सुरुवात. मीही केली होती. चेहरा देखणा झाला आणि हंसाला जागाच उरली नाही! आधी बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी रंग) सगळी छाया-प्रकाशाची मांडणी करा.
- सावलीत सरळ काळा रंग. लाल साडी मळकट दिसते. लालातच थोडा अंबर मिसळा. निऱ्या जमत नसतील तर घरातली काठपदराची साडी खुर्चीवर टाकून संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बघा. घडीच्या कडेला रंग उजळतो, खोलात गडद होतो, पण लालच राहतो.
- खालच्या थरात जवसाचं तेल ओतणं. खाली टर्पेंटाइनने पातळ, वर तेलकट. उलट केलंत तर भेगा पडतात. सोलापूरच्या मे महिन्यात वरचा थर लवकर सुकल्यासारखा वाटतो, फसू नका.

ब्रश पुसायला आपला सोलापुरी टॉवेल नको, लव चिकटते. जुनं धोतर घ्या.

ग्लेझिंगचं (सुकलेल्या थरावर पातळ पारदर्शक रंग चढवणं) सध्या विसरा. अंबरचा थर झाला की फोटो दाखवा.