निवृत्तीनंतर कुठे राहावे: नाशिक, कोल्हापूर की मिरज?

प्रश्न: मी येत्या मार्चमध्ये वयाच्या साठाव्या वर्षी एका खासगी कंपनीतून निवृत्त होत आहे. निवृत्तिवेतन नाममात्र आहे, शिल्लक सुमारे 45 लाख रुपये. पत्नीची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि मुलगी बंगळूरला असते. डोंबिवलीचा तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट विकून नाशिक, कोल्हापूर किंवा मिरज येथे स्वस्तात घर घ्यावे, असा विचार आहे. कोणते शहर योग्य ठरेल? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आपण घराच्या किमतीपासून सुरुवात केली आहे, मी आपल्या पत्नीच्या हृदयापासून करतो. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर किती मिनिटांत कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याचा कक्ष, असलेल्या रुग्णालयात पोहोचता येईल, हे ज्या घराबाबत सांगता येत नाही ते कितीही स्वस्त असले तरी आपल्यासाठी महागच आहे. या कसोटीवर तिन्ही शहरे उतरू शकतात, पण शहरापासून दूरची, नव्या वसाहतीतली स्वस्त सदनिका उतरेलच असे नाही.

माझा कल मिरजेकडे आहे. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे रुग्णालय सुरू केल्यापासून हे उपचारांसाठी येण्याचे गाव झाले आणि 1962 पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दुसरे कारण आपली मुलगी. मिरज हे पुणे–बंगळूर लोहमार्गावरचे जंक्शन आहे, तर कोल्हापूर त्या मार्गाच्या फाट्यावर आहे. नाशिकची हवा चांगली आणि मुंबईतले नातेवाईकही जवळ राहतील, हे खरे. परंतु बंगळूरचा प्रवास लांबतो आणि नाशिकरोड स्थानक जुन्या शहरापासून बरेच दूर आहे, हे सामान घेऊन उतरल्यावरच जाणवते.

कोल्हापूर आणि सांगली–मिरज परिसरात घर पाहताना एक चौकशी टाळू नये. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट मानली जाते. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. त्यामुळे 2019 आणि 2021 मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते, हे दलालाला न विचारता त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारावे. पूर घरात आला नाही तरी रस्ता बंद झाल्यास रुग्णालय गाठता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

आता पैशांविषयी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकाला कमाल 30 लाख रुपये ठेवता येतात. सध्याच्या 8.2 टक्के दराने त्यावर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये करपात्र व्याज मिळते. मात्र हा आकडा पाच वर्षे तेवढाच राहतो, औषधांची बिले राहत नाहीत. उरलेल्या रकमेतील काही लाख रुपये केवळ वैद्यकीय खर्चासाठी, हाताशी राहतील असे ठेवावेत.

डोंबिवलीचा फ्लॅट मात्र एवढ्यात विकू नका. विक्रीवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर करसवलत नव्या घराच्या किमतीपुरतीच मिळते, त्यामुळे महाग फ्लॅट विकून स्वस्त घर घेणाऱ्याला उरलेल्या नफ्यावर कर भरावा लागतो किंवा तो सहा महिन्यांच्या आत विशिष्ट रोख्यांत पाच वर्षांसाठी गुंतवावा लागतो. शिवाय एकदा विकलेल्या घरात परतता येत नाही. नवे गाव मानवले नाही म्हणून वर्षभरात परत यावेसे वाटणाऱ्यांची पत्रे या सदराकडे कमी येत नाहीत, आणि त्यांतील बहुतेकांनी आधी घर विकलेले असते.

म्हणून डोंबिवलीचे घर भाड्याने द्यावे आणि मिरजेत रुग्णालयांच्या जवळ, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत 11 महिन्यांसाठी भाड्याने राहावे. दोन्ही करारांची नोंदणी करून घ्यावी. मार्चमध्ये निवृत्त होत असल्याने एप्रिल–मेचा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा असे दोन्ही कठीण ऋतू आपल्याला आपोआपच अनुभवायला मिळतील. पहिल्याच आठवड्यात पत्नीचे सर्व जुने अहवाल घेऊन तेथील हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे. घर विकत घेण्याचा विषय दिवाळीनंतर काढावा.