चार फुटी रीफ टाकीत कोणता एंजल ठेवावा?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: ठाण्याच्या घरी आपली चार फुटी, साधारण २८० लिटरची, दहा महिने जुनी रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत क्लाउनफिशची जोडी, एक लेदर कोरल, झोआंथिड या मऊ, बटणांसारख्या जीवांच्या दोन वसाहती आणि एक ब्रेन कोरल आहे. दुकानदार एम्परर एंजल या एंजलफिशचे दोन इंची पिल्लू ‘रीफमध्ये चालते’ असे सांगून देऊ करतो आहे आणि ते घ्यावे का, असे आपण विचारता. माझ्या मते घेऊ नये.

पिल्लाचा मोह पडतो, हे मान्य आहे. गडद निळ्या अंगावर पांढरी वलये, तीही शेपटीकडे एकात एक गुंफल्यासारखी. मोठेपणी ती जाऊन त्यांच्या जागी निळ्या-पिवळ्या आडव्या रेघा येतात. हा फरक इतका मोठा आहे की, एके काळी हे पिल्लू म्हणजे वेगळीच जात समजून तिला निकोबार बेटांवरून नाव देण्यात आले होते. मात्र हा मासा ४० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि आपली टाकी पुढून मागे जेमतेम ४५ सेंटीमीटर असणार. शिवाय समुद्रात तो प्रामुख्याने स्पंज खातो, त्यामुळे टाकीतले मऊ, मांसल जीव त्याला खाद्यच वाटतात. टाकी हजार लिटरच्या पुढची नसेल, तर एम्पररचा विचारच करू नये.

आपल्या मापाच्या टाकीत बसतील ते सेंट्रोपायजी वंशातले बुटके एंजल. त्यांपैकी कोरल ब्यूटी हा जांभळ्या-नारिंगी रंगाचा, सुमारे १० सेंटीमीटरचा मासा तुलनेने काटक आहे. फ्लेम एंजल अधिक देखणा असला तरी महाग पडतो. बायकलर अनेकदा खाण्याच्या बाबतीत हट्टी निघतो, म्हणून नवशिक्याने तो टाळावा. हे मासे दिवसभर खडकावरचे शेवाळ आणि त्यात अडकलेले बारीकसारीक अन्न टिपत फिरतात. दहा महिन्यांत आपल्या खडकावर तसा थर जमलेला असेल, ही जमेची बाजू. पण टिपत टिपत एखादा मासा कोरलला कधी टोच मारून पाहील आणि त्याला ती चव कधी आवडेल, हे कोणत्याही तक्त्यावरून कळत नाही.

माझ्याकडच्या कोरल ब्यूटीने आठ महिने एकाही कोरलला तोंड लावले नव्हते. मग एका सकाळी ब्रेन कोरलचा पडदा (सांगाड्यावरचे मांसल आवरण) नेहमीसारखा फुगलेला असताना तो आला, त्याने एक टोच मारली, पडदा आक्रसला, आणि दहा मिनिटांनी तो पुन्हा हजर झाला. आठवड्याभरात कडेला पांढरा सांगाडा उघडा पडला. मासा पकडण्यासाठी मला एकेक करून सगळे खडक बादल्यांत काढावे लागले आणि ते काम मध्यरात्र उलटून गेल्यावर संपले (घरच्यांनी त्या रात्री काढलेले उद्गार येथे देत नाही). म्हणून अमुक जात ‘रीफ-सेफ’ (कोरलला निर्धोक) आहे, या विधानाला मी फारशी किंमत देत नाही. टाकीत कोणती कोरल आहेत आणि त्यांपैकी कोणते गमावले तर चालेल, हे मी आधी पाहतो. लेदर कोरलच्या वाटेला बुटके एंजल सहसा जात नाहीत. झोआंथिड आणि त्याहूनही ब्रेन कोरल धोक्यात असतात.

खऱ्या अर्थाने निर्धोक म्हणावा असा एंजल हवा असेल, तर जेनिकँथस वंशाकडे पाहावे. हे मासे मोकळ्या पाण्यातले प्लवक (तरंगणारे बारीक जीव) टिपून खातात आणि कोरलकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण ते २० सेंटीमीटरच्या आसपास वाढतात, सतत पोहतात आणि बिचकले की टाकीबाहेर उडी घेतात. त्यांना आपल्यापेक्षा बरीच मोठी आणि वरून जाळीने झाकलेली टाकी लागते.

कोरल ब्यूटी घेण्याचे ठरलेच, तर दुकानात तो आपल्या डोळ्यांदेखत खातो का, हे पाहावे आणि मासा कुठून व कसा पकडून आणला, हेही विचारावे. फिलिपीन्स आणि इंडोनेशियात सायनाइड वापरून मासे पकडण्याचा प्रकार चालत आला आहे आणि असा मासा वरवर धडधाकट दिसूनही पुढे दगावू शकतो. एंजलच्या गालावर काटा असतो व तो जाळीत अडकतो, त्यामुळे मासा प्लास्टिकच्या डब्यानेच उचलायला सांगावे.

घरी आणल्यावर किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. डोळे धुरकट दिसत असतील किंवा मासा अंग घासत असेल, तर पाच मिनिटे गोड्या पाण्याची अंघोळ द्यावी. त्या पाण्याचे तापमान आणि पीएच टाकीइतकेच असावेत व त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) सोडलेला असावा. अंगावर चिकटलेले चपटे कृमी एरवी पारदर्शक असल्याने दिसत नाहीत, पण गोड्या पाण्यात ते पांढरे पडतात आणि तिळासारखे तळाशी गळू लागतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर वेगळ्या टाकीत तांब्याचे औषध चालते, मात्र बुटक्या एंजलना ते सोसेलच असे नाही. म्हणून टेस्ट किटने मोजत, काही दिवसांत हळूहळू मात्रा वाढवावी. मुख्य टाकीत तांब्याचा थेंबही जाऊ देऊ नये, कारण त्याने कोरल मरतात.

रोज तीन वेळा थोडे थोडे खाणे द्यावे: गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), स्पिरुलिना या सूक्ष्म शेवाळाचे खाद्य आणि क्लिपला लावलेला बिनमिठाच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा. पोट भरलेला मासा टोच मारणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. प्रमाण मात्र कमी होते. एंजल हद्दीवरून भांडतो, म्हणून आणखी मासे आणायचे असतील तर ते आधी आणून स्थिरावू द्यावेत आणि एंजल सर्वांत शेवटी, तोही एकच, सोडावा.

ब्रेन कोरल दुसऱ्या कोणाला देऊन टाकायचे असेल, तर मासा येण्याआधीच द्यावे. टोचा पडून सांगाडा उघडा झालेले कोरल दुसऱ्याच्या टाकीत गेल्यावरही सावरायला कित्येक महिने घेते.