‘स्वेअर’ केलं म्हणजे शपथ घेतली नव्हे

शेजारची मुलगी नागपूरच्या नंदनवन भागातल्या आपल्या खोलीत बसून सबटायटलं लिहिते. तिनं विचारलंय, "काका, ‘ही स्वोअर ॲट मी’ याचं मराठी काय करू? आणि स्वेअर, कर्स, कस (swear, curse, cuss) या तिघांना वेगवेगळे शब्द आहेत का?" तिच्याआधी कुणीतरी, बहुधा यंत्रानंच, तिथे लिहून ठेवलं होतं : "त्याने माझ्यावर शपथ घेतली." पडद्यावर एक दारुडा टॅक्सीवाल्याच्या अंगावर धावून जातोय आणि खाली हे वाक्य! मराठीत माणूस माझी शपथ घालतो, माझ्या गळ्याची शपथ घेतो. माझ्यावर शपथ कोण घेतं? गेल्या वर्षभरात हे वाक्य मी चार ठिकाणी वाचलं आणि दर वेळी रिमोट फेकावासा वाटला.

स्वेअरचा शपथ हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथे तो नाही, इथे अर्थ आहे शिव्या देणं. गंमत अशी की शपथ आणि शिवी ही दोन्ही कामं एकाच शब्दाकडे कशी आली, हे यंत्राला कळत नाही ते समजू शकतो, पण शब्दकोश करणाऱ्यांनाही कळू नये? एक जाडजूड कोश उघडला तर स्वेअरपुढे ‘शपथ घेणे, शाप देणे, शिव्या देणे’, मध्ये स्वल्पविराम, खेळ खलास. अहो, त्या स्वल्पविरामातच तर सगळी गोष्ट आहे.

जुन्या इंग्रजीत स्वेअर म्हणजे फक्त शपथ वाहणं. ‘अँसर’ या शब्दातही तोच दडला आहे : आरोपाला उलट शपथेवर दिलेला जबाब, ते उत्तर. पुढे लोक देवाच्या नावानं ऊठसूट शपथा घेऊ लागले. ‘गॉड्स वून्ड्स’, म्हणजे देवाच्या जखमांची शपथ, तिचं ‘झाउन्ड्स’ झालं. ‘गॉड ब्लाइंड मी’चं ‘ब्लायमी’ झालं. म्हणजे काय? देव मला आंधळा करो! आपल्याकडे पोरगं म्हणतं ना, "खोटं बोलत असन तर डोळे फुटतीन माहे", तेच हे, लंडनच्या गल्लीतलं. देवाचं नाव असं उगाच घेणं पाप, म्हणून ती शपथच अपशब्द ठरली. आपलं ‘आईशप्पथ’ त्याच वाटेवर आहे. संत्र्याचा भाव ऐकून "आईशप्पथ!" म्हणणारा माणूस कसलीही शपथ घेत नसतो.

आता संस्कृतात या. शपथ आणि शाप हे दोन्ही एकाच धातूचे, शप्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिलाय ‘शप आक्रोशे’. (हा आक्रोश म्हणजे रडारड नव्हे. संस्कृतात आक्रोश म्हणजे वाईटसाईट बोलणं, निर्भर्त्सना. हिवाळी अधिवेशनात आमच्याकडे ‘आक्रोश मोर्चा’ निघतो, तो त्या अर्थानं अगदी बरोबर असतो.) एकाच धातूतून दोन्ही का निघाले? कारण शपथ म्हणजे स्वतःलाच दिलेला, अटीवरचा शाप. खोटं ठरलो तर माझं वाटोळं होवो, एवढंच शपथेचं पोट. ऋग्वेदात सातव्या मंडलात एका ऋचेत हे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’ : मी जादूटोणा करणारा असेन तर आजच मरून जाईन. ही झाली शपथ. त्याच ऋचेच्या दुसऱ्या अर्ध्यात, जो मला खोटंच तसं म्हणतो त्याचे दहा वीर पुत्र तुटोत. हा झाला शाप. एक ऋचा, एक तोंड, फक्त बोट वळलं. मला ही ऋचा सापडली त्या दिवशी मी घरात कुणालाच जेवू दिलं नाही, सगळ्यांना ऐकवत बसलो.

आणि म्हणूनच, १५ डिसेंबर २०२४ ला इथल्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला तेव्हा माझे कान एकाच जागी होते. देव साक्षीला ठेवायचा असेल त्यानं ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणायचं. नसेल त्याच्यासाठी संविधानानं वेगळं क्रियापद ठेवलं आहे, ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. शपथेत काहीतरी गहाण पडतं, हे मसुदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. सबटायटलवाल्यांना नाही.

आता शिवी. आमच्या वाचनालयात एक सद्गृहस्थ दर रविवारी सांगतात की शिवी ही शिवाच्या नावावरून आली. पुरावा काय, तर शंकर रागीट! माझं मत सांगतो, आणि ते माझंच आहे. संस्कृतातला दोन स्वरांमधला ‘प’ प्राकृतात ‘व’ होतो. दीपचा दिवा, शपथचं सवह. मग शप्-मधूनच शिवी का येऊ नये? शपथ, शाप, शिवी, तिघं भावंडं. त्यातला ‘इ’कार कुठून आला असं कुणी विचारलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

दुसरा राग पुणेकरांवर. आम्ही "त्यानं मले गाल्या देल्ल्या" म्हटलं की लगेच, "ते हिंदी झालं, मराठीत शिव्या." असं? गालि हा संस्कृत शब्द आहे. भर्तृहरीच्या नावावरचा श्लोक सांगतो की तुमच्याजवळ गाली आहेत म्हणून तुम्ही त्या द्या, आमच्याजवळ नाहीत, सशाचं शिंग कुणी कुणाला देतं का? आणि शिलाहार राजांच्या काळापासून दानलेखांच्या दगडांवर कोरलेला तो गधेगाळ कुणाच्या मुलखात आहे? नागपुरात नाही, कोकणात आणि पश्चिमेकडेच जास्त. गधेगाळ म्हणजे गाढवाची गाळ, आणि गाळ म्हणजे शिवी. वर सूर्य-चंद्र, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याच्या आईचं काय होवो, ते चित्रात. परळच्या बाराव्या शतकातल्या लेखात तर शब्दांतही, अगदी स्वच्छ मराठीत.

आई दोन्हीकडे कशी येते पाहा. शपथ घेताना माणूस स्वतःची माय पणाला लावतो, शिवी देताना दुसऱ्याची.

हां, प्रश्न. कर्स म्हणजे शाप, पण जपून : शापाला अंगात काहीतरी लागतं, दुर्वासांचं तप नाहीतर गांजलेल्या बाईचा तळतळाट. टॅक्सीवाल्याला कुणी शाप देत नाही. (आणि शापाला उःशाप असतो, इंग्रजीत त्याला एक शब्द काढून दाखवा.) कस हा अमेरिकेनं ‘र’ गिळलेला कर्सच, बर्स्टचा बस्ट झाला तसा. त्याच्यासाठी वेगळा शब्द शोधत बसू नकोस. दारुडा थांबतच नसेल तर ‘शिव्यांची लाखोली वाहिली’ चालेल, देवाला लक्ष बेल वाहतात तशी. एकच सणसणीत असेल तर ‘शिवी हासडली’.

तुझ्या वाक्याला ‘त्यानं मला शिव्या घातल्या’. पात्र आपल्याकडचं असेल तर ‘गाल्या देल्ल्या’ लिही. वरच्या साहेबांनी हिंदी म्हणून खोडलं तर त्यांना परळचा लेख दाखव. मोठ्यानं वाचून मात्र दाखवू नकोस.