टेलस्पिनचा जुना ८-बिट गेम आज घेऊन खेळण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय की दूरदर्शनवर रविवारी लागायचं ते टेलस्पिन कार्टून लहानपणी जाम आवडायचं, आता त्याचा जुना गेम एका कलेक्शनमध्ये दिसतोय, तर मुलाबरोबर खेळायला घेऊ का. नुसत्या टेलस्पिनसाठी घेणार असाल तर नका घेऊ. कलेक्शन म्हणून घ्या, बाकीचे पाच गेम पैसे वसूल करून देतात. आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल कारण या गेमवर माझा जवळजवळ तीस वर्षांचा राग आहे आणि आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

डोंबिवलीत राहायचो, चौथीत की पाचवीत असेन. आमच्याकडे तो टीव्ही गेम होता, म्हणजे निन्टेन्डोची नक्कल, पिवळ्या-काळ्या कॅसेटी, चालली नाही की फुंकर मारायची आणि परत घुसवायची. बिल्डिंगमधल्या एका पोराकडे डकटेल्स होता आणि तो मेला रोज फक्त दहा मिनिटं हातात द्यायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी बाबांच्या मागे लागलो, कागदावर डकटेल्स असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आणि बाबा ऑफिस सुटल्यावर वाकडी वाट करून लॅमिंग्टन रोडला गेले. रात्री आले ते टेलस्पिन घेऊन. म्हणाले, दुकानदार म्हणाला ते नाहीये, हे घ्या, दोन्ही एकच, त्याच कंपनीचं आहे.

आणि गंमत म्हणजे तो दुकानदार खोटं बोलत नव्हता! हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. डकटेल्स १९८९ सालचा, चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्स १९९० चा, टेलस्पिन १९९१ चा आणि डार्कविंग डक १९९२ चा, हे चारही कॅपकॉमचे, म्हणजे मेगामॅन आणि स्ट्रीट फायटरवाले. डिस्नेची कार्टून घेऊन त्यांनी निन्टेन्डोसाठी एकामागोमाग एक गेम काढले आणि बाकीचे तिन्ही आजही हातात घेतले की सुटत नाहीत. डकटेल्समध्ये अंकल स्क्रूज काठीवर उभा राहून टुणटुण उड्या मारत जातो, शत्रूच्या डोक्यावर, काट्यांवर, कशावरही, बस तेवढी एक गोष्ट त्यांनी नीट बनवली आणि त्यावर अख्खा गेम उभा राहिला. चिप अँड डेलमध्ये दोघांनी मिळून खेळायचं, खोकी उचलून फेकायची, खोकं संपलं की शेजारच्या भावालाच उचलून फेकायचं (आमच्याकडे यावरून खरी मारामारी झालीय). एवढं करून दाखवणाऱ्या लोकांच्या हातून टेलस्पिन आला. म्हणून जास्त चीड येते. भंगार कंपनीने भंगार गेम काढला तर आपण काय, सोडून देतो.

आता आधी कार्टून आठवा, कारण खरी गोची तिथेच आहे. आपल्या पिढीला बल्लू माहीत होता तो मोगलीमुळे, ते जपानी कार्टून, हिंदीत शेरखानला नाना पाटेकरचा आवाज होता, तो आवाज आला की माझी बहीण उठून आत जायची. आणि मग हे टेलस्पिन आलं आणि त्यात बल्लू टोपी घालून विमान चालवतोय आणि शेरखान सूटबूट घालून ऑफिसात बसलाय, शेठ झालाय! मला कित्येक दिवस वाटायचं की मोगली मोठा होऊन जंगल सोडून गेल्यावर हे सगळे शहरात नोकरीला लागले. त्या कार्टूनची मजा काय होती? बल्लू एक नंबरचा आळशी, पण विमानात बसला की त्याच्यासारखा कोणी नाही. रिबेका त्याची मालकीण, हिशोब मागणारी. किट, बल्लूबरोबर राहणारं अस्वलाचं पोर, तो पत्रा पायाखाली घेऊन विमानामागे ढगांवरून घसरत जायचा. डॉन कार्नाज आणि त्याचे हवाई डाकू माल लुटायला यायचे. आणि बल्लूच्या सी डककडे बंदूकच नव्हती. मालवाहू विमान हो ते, टेम्पो समजा. डाकू मागे लागले की बल्लू ते धूड डोंगरांच्या फटीतून काढायचा, उलटंपालटं करायचा, चकवायचा, आणि डाकू एकमेकांवर आपटायचे. मारामारी नाही, ड्रायव्हिंग. तीच तर खरी चैन होती.

गेममध्ये पहिली गोष्ट काय केली, तर सी डकला बंदूक लावली. झालं. टेम्पोला तोफ बसवली आणि ड्रायव्हिंग काढून टाकलं.

बरं बंदूक लावली तर लावली, निदान चालली तरी पाहिजे ना. सुरुवातीला जी बंदूक मिळते तिची एकावेळी एकच गोळी स्क्रीनवर असते, ती कुणाला लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. म्हणजे नेम चुकला की तुम्ही बटण दाबत बसायचं आणि गोळी आपली रमतगमत चाललीय, समोरून तीन जण येतायत, आणि तुम्ही त्या एका गोळीच्या बाहेर जाण्याची वाट बघताय, स्टॉपवर उभं राहून बसची वाट बघावी तशी. मी त्यावर उपाय शोधला होता, अगदी शत्रूच्या नाकाजवळ जाऊन मारायचं म्हणजे गोळी लगेच लागते आणि लगेच दुसरी सुटते. पण नाकाजवळ गेलं की आपटायला होतं. मेलो की पुन्हा तेच. बाबा मागे बसून पेपर वाचता वाचता म्हणाले होते, विमान एवढं मोठं आणि गोळी एवढीशी?

कोणी म्हणेल मशीनच तेवढं होतं. खरंय, निन्टेन्डोला पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दाखवता यायचे, म्हणजे हलणाऱ्या चित्रांचे छोटे तुकडे, आणि विमानासारखं मोठं चित्र अशा कितीतरी तुकड्यांचं बनतं, जास्त झाले की चित्रं लुकलुकायला लागायची, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण हे कारण मला पटत नाही, कारण गेममध्येच गोळा केलेले पैसे भरून बंदूक सुधारली की त्याच मशीनवर जास्त गोळ्या सुटतात की! म्हणजे मशीनला जमत होतं, द्यायचं नव्हतं. आणि विमानाचे गेम कॅपकॉमला नवीन होते असंही नाही, १९४२ हा विमानवाला गेम त्यांचाच, १९८४ चा. त्यात लहानसं विमान आणि पटापट सुटणाऱ्या गोळ्या, तो गेम आमच्या कॅसेटीतपण होता. सात वर्षांपूर्वी जे जमलं ते इथे कुठे गेलं देव जाणे.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण नाहीतर तुम्ही खेळलात की म्हणाल हा माणूस नुसता दात ओठ खातोय. त्या गेममध्ये एक कल्पना खरोखर भन्नाट आहे. एक बटण दाबलं की सी डक उलटं होतं आणि मागे तोंड करून उडायला लागतं, आणि नुसतं तोंडच फिरत नाही, मागचं दृश्यही उलट सरकायला लागतं. त्या काळच्या बऱ्याच विमानांच्या गेममध्ये पडदा आपला एकाच दिशेला आपल्याला ढकलत न्यायचा, मागे राहिलेली वस्तू गेली ती गेली. इथे तुम्ही मागे फिरून राहिलेला माल उचलू शकता, मागून येणाऱ्याला तोंड देऊ शकता. ही बल्लूची गोष्ट आहे बघा, हे कार्टूनमधून उचललेलं आहे, धावत्या डाकूंना गरकन वळून गंडवणं. ज्याने हे सुचवलं त्याने ते कार्टून बघितलं होतं एवढं नक्की. पण त्यावर पुढे काहीच रचलं नाही. या वळण्यातून डाकू एकमेकांवर आपटतील, आपल्या मागे येऊन भिंतीला धडकतील, असं काही असतं तर डकटेल्सच्या उड्यांसारखं झालं असतं. तसं नाही, वळा आणि तीच ती एक गोळी उलट्या दिशेला मारा.

आणि ते वळणं पाचवीतल्या पोराला झेपायचं नाही, ऐन गर्दीत चुकून बटण दाबलं जायचं आणि अख्खं जग उलटं धावायला लागायचं. माझी बहीण तर म्हणायची कॅसेट बिघडलीय, फुंकर मार.

दुकानाचा भाग ठीक आहे. वाटेत माल आणि पैसे गोळा करायचे, लेव्हल संपली की त्याचा हिशोब होतो आणि मग वाइल्डकॅटच्या, म्हणजे बल्लूच्या मेकॅनिकच्या, दुकानात विमान सुधारून घ्यायचं. रिबेका आणि हिशोब, हे निदान कार्टूनला धरून आहे. पण यात अडचण अशी की गेमची खरी मजा विकत घ्यावी लागते. बंदूक सुधारल्यावर तो बऱ्यापैकी खेळण्यासारखा होतो, मान्य. पण तिथपर्यंत पोचेस्तोवर आमच्या बिल्डिंगमधली अर्धी पोरं उठून खाली क्रिकेट खेळायला गेलेली असायची. तेव्हा हे कोण सांगणार की आधी बंदूक घे, आम्ही सगळे पैसे जीव वाढवण्यात घालवायचो, म्हणजे रटाळ गेम जास्त वेळ खेळायचा.

आणि बल्लू कुठेय? मुख्य गेमभर तुम्ही म्हणजे फक्त विमान. शेवटी कार्नाज येतो, त्याला मारायचं, संपलं. चित्रं छान आहेत, रंग छान, गाणीही वाईट नाहीत, पण डकटेल्समधल्या चंद्रावरच्या लेव्हलचं संगीत आज इतक्या वर्षांनी मी भांडी घासताना गुणगुणतो आणि टेलस्पिनमधली एक ओळ आठवत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

टेलस्पिनच्या नावाने सेगा या दुसऱ्या कंपनीचा वेगळा गेम आहे, १९९२ चा, त्यात बल्लू आणि किट पायी फिरतात, दोघांना मिळून खेळता येतं. तो कॅपकॉमचा नाही आणि तुम्ही म्हणताय त्या कलेक्शनमध्ये नाही, त्यामुळे कोणी यूट्यूबवर बल्लूला उड्या मारताना दाखवलं तर तो हा नव्हे. फार काही हुकलेलं नाही, तो बघूनही मी दहा मिनिटांत जांभई दिली, उडणाऱ्या बल्लूला जमिनीवर उतरवून काय मिळवलं कोण जाणे.

कलेक्शनबद्दल. तुम्ही जे बघितलंय ते डिस्ने आफ्टरनून कलेक्शन असणार, २०१७ साली आलं, सहा गेम आहेत, डकटेल्सचे दोन, चिप अँड डेलचे दोन, डार्कविंग डक आणि हा. मी ते कम्प्युटरवर घेतलं, खरं सांगायचं तर डकटेल्ससाठी, पण पहिल्या रात्री उघडला टेलस्पिनच, जुनी खपली काढायची सवय असते माणसाला. त्यात एक सोय आहे, बटण दाबून धरलं की खेळ मागे जातो, कॅसेट रिवाइंड करावी तसा, आपटलात तर दोन सेकंद मागे या आणि परत खेळा. बाकीच्या गेममध्ये मला ते चीटिंग वाटतं. टेलस्पिनमध्ये वाटत नाही, इथे ते देवासारखं धावून येतं. त्याच्या जोरावर मी तो पहिल्यांदा पूर्ण केला, एका बैठकीत, एवढासाच होता तो. ज्या गेमने माझी अख्खी मे महिन्याची सुट्टी खाल्ली तो जेवण होऊन झोपायच्या आत संपला.

मुलीलाही दिला होता खेळायला, नऊ वर्षांची आहे. तिला कार्टूनचं काही माहीत नाही, त्यामुळे माझ्यासारखा भ्रमनिरास वगैरे काही झाला नाही. पंधरा मिनिटं खेळली, ते उलटं वळणं तिला फार आवडलं, तेच करत बसली, पुढे मागे पुढे मागे, गोळी मारायचीच नाही, चुकवत चुकवत जायचं. मी म्हटलं अगं मार ना त्याला. म्हणाली, बाबा कशाला, नुसतं चुकवलं तरी जातंय की पुढे. आणि खरंच जात होतं बऱ्यापैकी लांब. नकळत तीच बल्लूसारखी खेळली असं मला वाटलं, पण मग लेव्हलच्या शेवटी मोठा शत्रू आला, त्याला मारल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ती एकेक गोळी मारून कंटाळली आणि चिप अँड डेल लावला. मग दोघंही रात्री साडेअकरापर्यंत तोच खेळत होतो, बायकोने येऊन स्क्रीन बंद केला.

तर मुलाबरोबर खेळायचं असेल तर पहिला चिप अँड डेल लावा, मग डकटेल्स. टेलस्पिन फक्त तुमच्यासाठी, एखाद्या रात्री सगळे झोपल्यावर. आणि पहिल्या लेव्हलला जितका माल दिसेल तितका उचला, मागे फिरून उचला, वाइल्डकॅटच्या दुकानात आधी बंदूक घ्या. जीवबीव काही नको.