ठाणे-नवी मुंबईत सुट्टीत हटके काय पाहावं आणि एखादी रात्र वेगळ्या जागी कुठे काढावी?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरहून ऐरोलीला भावाकडे पाच दिवस येताय, सोबत सात आणि अकरा वर्षांची मुलं आणि गुडघे दुखणारी आई. गेटवे, जुहू, राणीचा बाग झालेलं आहे. एक रात्र डोम, कंटेनर किंवा ट्री हाउसमध्ये काढायची आहे.

शहरात राहायला हटके असं फारसं काही नाही. पाहायला मात्र आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं तुमच्या भावाच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे: फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ऐरोलीला दिवा जेट्टीजवळ वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते. एप्रिलमध्ये पक्षी असतात, पावसाची चाहूल लागली की निघतात, म्हणजे तुमची वेळ बरोबर आहे.

गंमत पुढेच आहे. बोटीची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरते, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. 'रविवारी सकाळी दहाला जाऊ' असं ठरवून येतात आणि त्या वेळी खाडीत नुसता चिखल असतो. पूर्ण ओहोटीला बोट गाळात रुतते म्हणून सोडतच नाहीत. पूर्ण भरतीला बोट छान चालते, पण चिखलाचे पट्टे बुडालेले असतात आणि पक्षी तिथेच चरत असल्याने पांगलेले असतात. हवा तो मधला काळ: पाणी उतरायला लागलंय, दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडतोय आणि थवे त्यावर उतरतायत.

भावाकडे कालनिर्णय असेलच. कोळी-आगरी मंडळींचा आडाखा असा की तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. त्रयोदशीला पावणेदहा. पंचमीला पावणेचार. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. खाडीत आतवर पाणी पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो, त्यामुळे अर्धा तास पुढे धरा. हा फक्त अंदाज आहे. तारीख ठरवायला तो पुरतो, बुकिंगला मात्र केंद्राने दिलेलीच वेळ धरायची. एप्रिलच्या उन्हात सकाळची बोट हवी असेल तर दशमी ते त्रयोदशीचे दिवस बघा. शनिवार-रविवारच्या जागा आधीच भरतात, म्हणून नागपूरहून निघण्यापूर्वीच बुकिंग करा.

बोटीवर लाइफ जॅकेट घालावंच लागतं आणि मुलांच्या मापाचं मिळालं नाही तर बसण्याआधीच मागून घ्या. आईंसाठी अडचण बोटीची नाही, जेट्टीच्या पायऱ्यांची आहे. पाणी खाली गेलेलं असेल तर खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि बोटीत पाऊल टाकताना अंतर पडतं. शक्यतो भरतीच्या जवळची फेरी घ्या, म्हणजे बोट वर असते. पांढरट, उंच, गुलाबी चोचीचं टोक तेवढं काळं असलेला तो मोठा रोहित. बुटका, जास्त गुलाबी आणि गडद लाल चोचीचा तो लहान रोहित. राखाडी-तपकिरी दिसणारी पिल्लं असतात, मुलं त्यांना 'दुसरा पक्षी' म्हणतील. गुलाबी रंग शेवाळं आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जीवांतून येतो, तो अंगी भिनायला काही वर्षं लागतात.

तुमच्या आठवड्यात तिथी उलट पडली, म्हणजे भरती दुपारी तीन-साडेचारला आली, तर बोटीचा हट्ट सोडा आणि सीवूड्सला डीपीएस शाळेमागच्या तळ्यावर जा. इथे गणित उलटं चालतं. खाडीतला चिखल बुडाला की पक्षी भरतीपुरते या तळ्यात येऊन उभे राहतात. चतुर्थी ते षष्ठीला भरती संध्याकाळकडे झुकलेली असते, उजेड तिरपा असतो आणि आईंना रस्त्याच्या कडेला उभं राहूनही दिसतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं, त्यामुळे पक्षी तळ्याकडे यायची घाई करत नाहीत. आणि तळ्यात भरतीचं पाणी शिरायच्या वाटा बुजलेल्या असतील तर तिथे काहीच नसतं, म्हणून निघण्याआधी भावाला एक चक्कर मारायला सांगा. नेरूळला राहणारा कुणीही मित्र चालेल.

आता राहण्याचं. कर्जत, मुरबाड, शहापूर, लोणावळा या पट्ट्यात डोम, कंटेनर आणि ट्री हाउस भरपूर झालेत. जाहिरातीतले फोटो बहुतेक डिसेंबरचे आणि ड्रोनचे असतात. एप्रिलमध्ये प्रश्न एकच: आत किती तापतं?

डोम म्हणजे लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर ताणलेलं पीव्हीसीचं कापड, आणि एका बाजूला पारदर्शक पट्टा. तो पट्टा पूर्वेला असेल तर सकाळी आठ-साडेआठपासून आत बसवत नाही, पश्चिमेला असेल तर दुपारी चारला. उत्तरेकडे तोंड असलेला किंवा झाडाच्या सावलीतला डोमच घ्यावा. एसी आहे का, हे विचारून भागत नाही. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, हे विचारा. ग्रामीण भागात उन्हाळ्यात दुपारी वीज जाणं नवीन नाही, आणि बंद एसीचा डोम म्हणजे झाकण लावलेला कुकर. बाथरूम डोमच्या आत आहे की बाहेर, तेही विचारा. रात्री दोनदा उठणाऱ्या आईंना अंधारात पन्नास पावलं चालायला लावू नका.

कंटेनर मला डोमपेक्षा बरा वाटतो, कारण तो जमिनीवर असतो आणि दार-खिडकी नीट लागते. न्हावा-शेवा बंदर इथेच असल्यामुळे जुने डबे या भागात सहज मिळतात, म्हणून हे पीकही जोरात आहे. वीस फुटी डबा बाहेरून 8 फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. आतून उष्णता अडवणारी भर (पफ किंवा रॉकवूल) आणि वर बोर्ड लावला की रुंदी साधारण सव्वासात-साडेसात फुटांवर येते. त्यात सहा फुटी डबल बेड आडवा टाकला तर कडेला दीड फूटही उरत नाही, मग ज्येष्ठ माणसाला उठताना टेकायला जागा नाही. तुम्ही इतके जण, म्हणजे चाळीस फुटी एक किंवा विसाचे दोन लागतील. मधली भर खरंच घातलीय का, हे ओळखायची खूण सोपी आहे: आतल्या भिंतीवर पत्र्याच्या नागमोडी घड्या दिसत असतील तर काहीही घातलेलं नाही. छतावर शेड असेल तर उत्तम, पत्र्यावर थेट ऊन नको.

ट्री हाउस या सहलीत सोडून द्या. बरीचशी झाडावर नसून झाडाशेजारी लोखंडी किंवा काँक्रीटच्या खांबांवर असतात. त्यात फसवणूक अशी नाही, उलट ती जास्त स्थिर असतात. पण खोली 30 फुटांवर असेल तर सात इंची पायरीने पन्नासेक पायऱ्या होतात, आणि जेवण, पाणी, विसरलेला चार्जर प्रत्येक गोष्टीला तेवढ्याच पुन्हा. शिवाय माकडं. खिडकीला जाळी नसेल तर बिस्किटाचा पुडा टिकत नाही.

बुकिंगआधी मालकाकडून फोनवर काढलेला एक सलग व्हिडिओ मागा: गाडी लावण्याच्या जागेपासून पलंगापर्यंत चालत. ड्रोनच्या फोटोत न दिसणारं सगळं त्यात दिसतं. दोन डोममधलं अंतर, चढ, बाथरूम, बाजूचा स्विमिंग पूल. पूल असेल तर संगीत असणार. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, पण शनिवारी रात्री त्यावर भांडत बसायची हौस कुणाला! रविवार ते गुरुवारमधली रात्र घ्या, भाडंही कमी लागतं. चेक-इन एक-दोनला असलं तरी चारनंतरच पोहोचा. भर दुपारी जाऊन कुठल्याच जागेचं कौतुक वाटत नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या बंगल्यांच्या जाहिराती दिसतील, तो परिसर राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्यांचा वावर आहे आणि रात्रीच्या ये-जा करण्यावर बंधनं येतात, त्यामुळे लहान मुलं घेऊन पार्टीच्या बंगल्यात जाण्यात अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या ग्रुपला खरी हटके रात्र माथेरानला मिळेल. अख्ख्या गावात मोटारगाडीला बंदी, तांबड्या मातीचे रस्ते, वर झाडांचं छत, आणि राहायला लांब व्हरांड्याचे जुने बंगले. ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, गाड्या इथपर्यंतच जातात. पुढे आईंना चालवायचं नाही: दस्तुरीपासून थोड्याच अंतरावर अमन लॉज स्टेशन आहे, तिथून माथेरानपर्यंत शटल मिनी ट्रेन चालते. 1907 ची ही रेल्वे, मुलांना तेवढ्यानेच पैसे वसूल वाटतील. तिकिटाला खिडकीवर रांग असते, म्हणून एकाने पुढे जाऊन उभं राहायचं. नेरळपासून वरपर्यंतच्या गाड्या दिवसाला मोजक्याच असतात आणि जागा लगेच संपतात, त्यावर बेत आखू नका. दस्तुरीला प्रवेश कर रोख ठेवा. सामान कमी आणि पाठीवरचं. चाकांची बॅग त्या मातीत ओढता येत नाही. पांढरे मोजे तर आणूच नका, ती माती धुऊन जात नाही. हॉटेल ठरवताना स्टेशनपासून चालत किती मिनिटं आणि वाटेत चढ किती, हे नेमकं विचारा. 'जवळच आहे' हे उत्तर धरू नका.

मुलांना प्राण्यांचं वेड असेल आणि पाचातले दोन दिवस देता येत असतील तर वेळास. मंडणगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. हंगाम एप्रिलच्या मध्याला संपत येतो, म्हणून निघण्यापूर्वी घरगुती मुक्कामाच्या मालकांना विचारा की हॅचरीत (अंडी जपून ठेवलेल्या कुंपणात) अजून किती घरटी बाकी आहेत. पिल्लं दिसतीलच याची हमी कुणी देत नाही. म्हणून संध्याकाळी सहाच्या आत पोहोचून एक रात्र राहायचं, म्हणजे दोन संधी मिळतात. राहणं गावातल्या घरांत, साधं शाकाहारी जेवण, बहुतेक ठिकाणी जमिनीवर गाद्या आणि सामाईक बाथरूम. आईंसाठी खाट आधी सांगून ठेवा. ठाण्याहून गाडीने साडेपाच-सहा तास धरा, माणगावला अडकलात तर जास्त. हरिहरेश्वरकडून बागमांडला-वेसवी फेरीबोटीत गाडी चढवून गेलात तर मुलांना तीही एक मजा.

अर्ध्या दिवसाच्या गोष्टी थोडक्यात. अंबरनाथचं शिवमंदिर, शके 982 म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आईंना बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम दाखवा, तेच जास्त पाहण्यासारखं आहे. सकाळी नऊच्या आत जा, नंतर फरशी तापते आणि चप्पल बाहेर असते. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात आखलेली बैठ्या घरांची वसाहत. छोट्या चौकाभोवती घरं, असे चौक मिळून मोठा चौक. मूळ घरं आता कमी उरलीत, लोकांनी मजले चढवलेत. तसं करता यावं म्हणूनच ती तशी आखलेली होती. तिथे लोक राहतात, तेव्हा खिडक्यांत कॅमेरा घालू नका. ओवळ्याची फुलपाखरांची वाडी मात्र या वेळी वगळा, तिचा खरा बहर पावसानंतर असतो.

ठाणे शहरात टेंभी नाक्याजवळचं 1879 चं बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आत जायचं तर आधी परवानगी आणि सोबत ओळखपत्र लागतं, पुरुषांनी डोकं झाकायचं, आणि शनिवार टाळायचा कारण तो त्यांचा प्रार्थनेचा दिवस. तिथून मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वर चालत होतं. जुना ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. 1910 मध्ये क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांना इथेच फाशी दिली. ते बाहेरूनच पाहायचं, आणि तिथे मोबाइल खिशात.

परतीची गाडी सीएसएमटीहून पहाटेची असेल तर शेवटची रात्र स्टेशनातल्याच स्लीपिंग पॉडमध्ये काढता येते. मुलांना आवडेल, पण आत बसता येतं, उभं राहता येत नाही, बाथरूम सामाईक आहे आणि मोठी बॅग आत मावत नाही. आईंना मात्र भावाकडेच झोपू द्या आणि पहाटे टॅक्सीने आणा.