भाज्यांची चित्रं काढून भाज्या आवडायला लागतात का?

तुम्ही विचारलंय की लहानपणापासून भाजी घशाखाली उतरत नाही, आता जलरंग शिकायला घेतलेत आणि वर्गातल्या कुणीतरी सांगितलंय, भाज्या रंगवत गेलं की त्या खाव्याशाही वाटू लागतात. हे खरं आहे का?

माझ्या बाबतीत खरं झालं. सगळ्याच भाज्यांचं झालं असं नाही, आणि लगेच तर मुळीच नाही. पण वांगं, कारलं आणि दोडका मी आज आवडीने खाते ते चित्रांमुळेच, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे भरली वांगी झाली की मी मसाला पोळीला लावून खायचे आणि वांगं ताटाच्या कडेला सारायचे. चाळिशीनंतर जलरंग सुरू केले तेव्हा समोर वांगं ठेवलं ते केवळ आकार सोपा म्हणून. ट्यूबमधला तयार जांभळा लावला, सावलीला काळा लावला. कागदावर नुसता डाग उमटला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘ब्रश खाली ठेव आणि दहा मिनिटं नुसतं बघ.’

बघितलं तर वांगं एका रंगाचं नव्हतंच. खिडकीकडची बाजू निळसर, खालची तांबूस, आणि टेबलावरच्या पिवळ्या कापडाची झाक पोटाला आलेली. वरच्या चमकेत खिडकीचे गज सुद्धा दिसत होते. जलरंगात अशा चमकेसाठी पांढरा रंग लावत नाहीत, कागद तेवढा कोरा सोडतात. म्हणजे कुठे हात लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं. मग अल्ट्रामरीन ब्लू आणि अलिझरिन क्रिमसन या गडद लालचा पातळ वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा थर दिला, तो ओला असतानाच सावलीच्या बाजूने दाट रंग सोडला, त्यात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. काळ्याची गरजच पडली नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. देठाच्या हिरव्या टोपीला लागून एक फिकट, जवळजवळ पांढरी कड होती. वांग्याच्या सालीतला जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि बहुतेक जांभळ्या जातींत तो उजेड लागल्यावर तयार होतो. टोपीखाली उजेड पोचत नाही, म्हणून तिथली साल फिकी राहते. वांगं झाडावर वाढत असताना ही फिकी साल टोपीखालून बाहेर सरकते आणि मग हळूहळू रंग धरते. तेव्हापासून मंडईत मी टोपीची कड बघून वांगी निवडते. त्याआधी भाजी ‘निवडून’ घेणं मला माहीतच नव्हतं, यादीत लिहिलेलं पिशवीत भरायचे.

पुढे बाईंनी दापोडीच्या चित्रांबद्दल सांगितलं. पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग होती. तिथे बागेचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, पण चित्रकाराचं नाव मात्र कुणी नोंदवून ठेवलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. ज्याने पान न् पान इतकं निरखलं, त्याचंच नाव नाही. वनस्पतींच्या अशा चित्रांमध्ये फळ कापून आतला गर आणि बियाही दाखवण्याची रीत असते. तसं करून बघावं म्हणून मी वांगं उभं चिरलं. रंग कालवेपर्यंत पांढरा गर तपकिरी व्हायला लागला. हवेशी गाठ पडली की तो काळवंडतोच. आई चिरलेली वांगी पाण्यात का टाकायची याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता.

चिरून रंगवताना मला माझी खरी अडचणही कळली. चवीशी माझं भांडण नव्हतं, नको वाटायचा तो शिजल्यावरचा गिळगिळीत मऊपणा. म्हणून आधी काप केले. गोल चकत्यांना तिखट, मीठ, हळद लावायची, तांदळाच्या पिठात नि रव्यात घोळवून तव्यावर दोन्हीकडून कुरकुरीत करायचे. ते आवडले. भरल्या वांग्यापर्यंत पोचायला त्यानंतर चार-पाच महिने गेले. तुम्हीही आधी हे शोधा: तुम्हाला वास नको वाटतो, कडूपणा, की जिभेला लागणारा पोत? ‘भाजी आवडत नाही’ एवढ्यावर थांबलं की काहीच करता येत नाही.

कारल्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. त्याचे उंचवटे एकेक काढत बसलं की चित्र मेलंच. उंचवट्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यामधल्या सावल्या रंगवायच्या, की उंचवटे आपोआप वर येतात. हिरवा तयार घेऊ नका. लेमन यलोमध्ये अल्ट्रामरीन कमी-जास्त करत गेलात की कारल्याचे पाच-सहा हिरवे सहज मिळतात. माझं चित्र एका बैठकीत संपेना, कारलं टेबलावरच राहिलं. काही दिवसांत ते पिवळं झालं, मग नारिंगी, आणि शेवटी खालून उकललं. आत लालभडक गरात गुंडाळलेल्या बिया! तो रंग बघून मी थक्क झाले. बी बाजूला काढून तो लाल गर चाखला तर गोड लागला. कारल्याच्या पोटात गोड असतं हे कळायला मला इतकी वर्षं लागली. (फक्त गर चाखायचा, बिया खायच्या नाहीत.)

त्यानंतर मी कारल्याला पुन्हा संधी दिली, पण काचऱ्यांच्या रूपात. कागदासारख्या पातळ चकत्या, मीठ चोळून अर्धा तास ठेवायच्या, सुटलेलं कडू पाणी घट्ट पिळून टाकायचं आणि थोड्या जास्त तेलावर मंद आचेवर कडक होईपर्यंत परतायच्या. सोबत गरम वरण-भात. कडूपणा पूर्ण जात नाही, जायलाही नको. आता तो उरलेला कडूपणाच मला हवासा वाटतो.

दोडक्याचं थोडक्यात. रंगवताना धारा मोजल्या तर दहा भरल्या. त्या दहा धारा सोलून निघालेल्या शिरा तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि मिरचीबरोबर खमंग परतून चटणी केली. दोडका मला आवडायला लागला तो सालीकडून आतल्या दिशेने.

सामानाबद्दल: साध्या ड्रॉइंगच्या कागदावर वॉश दिला की तो फुगतो आणि चित्र बिघडलं की आपण भाजीवर वैतागतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद घ्या, मोठा ताव आणून त्याचे आठ तुकडे केले की परवडतो. रंग कॅमलच्या ट्यूबचे पुरेत, वर सांगितलेले चार आणि एक गडद पिवळा. सहा नंबरचा एक गोल ब्रश. जी भाजी खायची आहे ती पॅलेटपासून लांब ठेवा, ब्रशचं टोक कधी तोंडात घालू नका आणि रंगाच्या पाण्याचा पेला चहाच्या कपाजवळ ठेवू नका. काही रंगद्रव्यं विषारी असतात. आणि शक्यतो ज्या दिवशी रंगवाल त्याच दिवशी ती भाजी शिजवा, स्वतःच्या हाताने. हे मी कळकळीने सांगते. तासभर निरखलेली भाजी दुसऱ्या कुणी चिरून, शिजवून समोर आणली तर तिची ओळख पटत नाही.

सुरुवात वांग्यानेच करा. पालेभाज्या नंतर, त्या फार लवकर माना टाकतात.

शेपू मात्र मला अजून जमलेला नाही. चार वेळा रंगवलाय. ओल्या कागदावर त्याची पानं धुक्यासारखी पसरतात, फार सुंदर दिसतं, पण चित्र होईस्तोवर खोलीभर त्याचा वास भरतो आणि भूक जाते. परवा मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून केला. दोन घास खाल्ले. पाचवी जुडी आणून ठेवली आहे.